टाकाऊपासून टिकाऊ, पण सांधा कुठाय?

मला आलेला एक प्रश्न थोडक्यात असा आहे. घरात दोन पोती भरून सामान जमलंय: बाटल्यांची झाकणं, मोडकी छत्री, गंजलेली कुलपं, सायकलचे सुटे भाग, पुठ्ठे, लाकडाचे तुकडे. ग्लू गनने चिकटवून पाच-सहा वस्तू केल्या. दोन महिन्यांत कुणाचा कान गळाला, कुणाचा पाय. ज्या टिकल्या त्या बघून लोक म्हणतात, 'वा, काय काय वापरलंय!' आणि मग झाकणं ओळखायचा खेळ सुरू होतो. शिल्प म्हणून कुणी बघतच नाही. कुठे चुकतंय? आणि मोठं काम केलं तर ते बाहेर ठेवता येईल का?

मला विचाराल तर दोन्ही तक्रारींचं मूळ एकच आहे. 'टाकाऊपासून टिकाऊ' हे शब्द आपण शाळेपासून इतक्यांदा ऐकलेत की त्यातल्या 'टिकाऊ'कडे कुणाचं लक्षच जात नाही. टाकाऊ गोळा होतं, त्याचं काहीतरी छान होतं आणि पुढच्या आवराआवरीत ते पुन्हा टाकाऊ होतं.

अठ्ठावीस वर्षं मी हेच काम करतेय. दगडाचं शिल्प करणारा नको तो दगड काढत जातो, मातीत काम करणारा माती चढवत जातो. आपल्याकडे वस्तू आधीच घडलेल्या येतात. कुलूप कुणीतरी बनवलंय, छत्रीची काडी कुणीतरी वाकवलीय. मग आपलं काय? आपला फक्त सांधा. कुठली वस्तू कुठल्या वस्तूला, कुठल्या जागी, किती कलती आणि कशाने जोडली, एवढंच आपण करतो. सांधा कच्चा असला तर कान गळतो. सांध्यात विचार नसला तर बघणाऱ्याला शेजारी शेजारी ठेवलेली झाकणं दिसतात, त्यापलीकडे काही दिसत नाही.

पिकासोने १९४२ मध्ये सायकलची सीट आणि हँडल जोडून बैलाचं डोकं केलं. दोन वस्तू, एक सांधा. सीट ओळखू येते, हँडलही ओळखू येतं, तरी डोळ्याला आधी बैल दिसतो. सीटचं निमुळतं टोक खाली, म्हणजे तोंड. रुंद भाग वर, म्हणजे कपाळ. आणि हँडल अगदी माथ्याशी. तेच हँडल मनातल्या मनात चार बोटं खाली सरकवून बघा. शिंगं गालातून फुटतील आणि बैल जाऊन नुसतं भंगार उरेल. वस्तू त्याच, फरक चार बोटांचा. तुमच्या पाच-सहा वस्तूंमध्ये अशी जागा किती वेळ शोधली होती, हे स्वतःला विचारा. बहुतेक जण ग्लू गरम झाला की घाईला लागतात.

त्याच पिकासोचा दुसरा रस्ताही बघण्यासारखा आहे. १९५० च्या शेळीत पोटाला वेताची टोपली आहे, आचळांना मातीची भांडी आहेत, पाठीला ताडाच्या झावळीचा दांडा आहे. पण मधल्या जागा त्याने प्लास्टरने भरून काढल्या आणि पुढे ती ब्राँझमध्ये ओतली. तिथे टोपली आतून पोटाला फुगवटा देते, 'मी टोपली आहे' असं ओरडून सांगत नाही. तिसरा रस्ता लुईज नेव्हलसन या शिल्पकर्तीचा: लाकडी कठड्यांचे तुकडे, खुर्च्यांचे पाय, खोक्यांच्या फळ्या असं काय वाट्टेल ते खणाखणांत रचायचं आणि सगळ्यावर एकच काळा रंग. १९५८ चं तिचं भिंतभर शिल्प बघताना खुर्चीचा पाय शोधावा लागतो. आधी दिसतात त्या सावल्या.

तेव्हा पहिला निर्णय हा: वस्तूची मूळ ओळख ठेवायची, अर्धी झाकायची, की पूर्ण पुसायची? तिन्ही चालतात. न ठरवता मधेच लोंबकळत राहणं चालत नाही. झाकणं ओळखायचा खेळ सुरू होतो तो बहुतेक वेळा याच लोंबकळण्यामुळे.

आता त्या दोन पोत्यांकडे येऊ. लोक सामान लावतात ते प्रकाराप्रमाणे: प्लास्टिक एकीकडे, लोखंड एकीकडे, लाकूड एकीकडे. तसं लावलंत की वस्तू त्यांच्या जुन्या कामातून बाहेर येत नाहीत. मी आकाराने लावते. लांब आणि बारीक ते एका ढिगात, पसरट ते दुसऱ्यात, पोकळ ते तिसऱ्यात, भरीव गोळे चौथ्यात. पाचवा ढीग माझा लाडका: ज्यांच्यात आधीपासून सांधा आहे अशा वस्तू. बिजागरी, स्प्रिंग, साखळी, पक्कड, कात्री, छत्रीची काडी, सायकलचा ब्रेक. कुणा कारागिराने या वस्तूंना गुडघा, कोपर, मान देऊन ठेवलीय. ती फुकट मिळत असताना आपण ती मोडून पुन्हा ग्लूने जोडायला बसतो!

आणि अर्धं सामान काढून टाका. खरंच. ज्या वस्तूंचं 'कधीतरी कामाला येईल' याखेरीज काही कारण सांगता येत नाही त्या भंगारात परत गेलेल्या बऱ्या. अपवाद एकाच प्रकारच्या वस्तूंचा. पाच झाकणं म्हणजे सजावट. पाच हजार झाकणं म्हणजे कापड. एल अनात्सुई हा घानात जन्मलेला, अनेक वर्षं नायजेरियात काम केलेला शिल्पकार दारूच्या बाटल्यांची पातळ धातूची झाकणं चेपून, दुमडून, तांब्याच्या तारेने एकमेकांत ओवतो आणि भिंत झाकणाऱ्या चादरी करतो. लांबून सोनेरी वस्त्र, जवळ गेलं की झाकणं. सगळा चमत्कार त्या तारेचा आहे. ती तार सैल आहे म्हणून चादरीला चुण्या पडतात, दर वेळी टांगताना घडी वेगळी पडते. तीच झाकणं एका फळीवर चिकटवली असती तर शाळेचा प्रकल्प झाला असता.

सामान लावल्यावर आठवडाभर गोंदाला हात लावू नका. सुतळी, रबरबँड, मास्किंग टेप, शाडू किंवा मळलेली माती, वाळूने भरलेली परात एवढ्यावर रचना उभी करून बघा. परातीतल्या वाळूत काड्या खोचल्या की त्या हव्या त्या कोनात उभ्या राहतात आणि मन बदललं तर उपटता येतात. फिरत्या स्टुलावर ठेवून चारही बाजूंनी बघा. नवखे लोक जवळजवळ नेहमी समोरचीच बाजू करतात आणि मागे ग्लूच्या तारा लोंबत असतात. रात्री एकाच दिव्यासमोर धरून भिंतीवरची सावली बघा. सावलीत झाकण, कुलूप, चमचा काही कळत नाही, उरतो तो निव्वळ आकार. सावली जमली नाही तर वस्तूही जमलेली नाही, हा माझा तरी आजवरचा अनुभव.

मग जोडणं. माझा नियम असा: शिल्पाचं वजन तारेने, स्क्रूने, खुंटीने किंवा रिव्हेटने (आरपार घालून टोक चेपलेल्या खिळ्याने) पेलायचं, गोंदाने फक्त ते हलू द्यायचं नाही. एखादा सांधा गोंदाशिवाय उभाच राहत नसेल तर तो सांधा अजून झालेला नाही.

हे मी शहाणपणाने शिकले नाही. सुरुवातीच्या काळात एक घुबड केलं होतं, घड्याळांच्या चकत्या आणि चमच्यांचं, सगळं गरम ग्लूने. प्रदर्शनात ते मीच हौसेने खिडकीत ठेवलं, उजेड छान पडतो म्हणून. दुपारी परत येऊन बघते तर एक पंख पोटावर घसरलेला आणि डोळा चोचीच्या जागी. ग्लू गनचा गोंद म्हणजे वितळून थंड झालेलं प्लास्टिकच; साधारण ६० ते ८० अंशांच्या दरम्यान तो पुन्हा मऊ पडायला लागतो, आणि उन्हातल्या काचेमागचा काळा पत्रा तेवढा सहज तापतो. थंडीत याच्या उलट होतं: गोंद कडक होतो आणि गुळगुळीत धातूवरून किंवा काचेवरून टिकलीसारखा निघून येतो. ग्लू गन टाकून द्या असं मी म्हणत नाही. रचना तात्पुरती धरायला तिच्यासारखं काही नाही. तिला तिसरा हात समजा.

बाकीच्या गोंदांबद्दल पटकन सांगते. सुतारकामाचा पांढरा गोंद लाकूड, पुठ्ठा, कापड यांना उत्तम, कारण तो पाणी सोडून वाळतो आणि ते पाणी शोषणारं काहीतरी समोर लागतं. दोन पत्र्यांच्या मधे तो आठवडाभर ओलाच राहील. धातू, काच, दगड यांना दोन नळ्यांचं इपॉक्सी: एका नळीत राळ, दुसरीत तिला कडक करणारं हार्डनर. 'पाच मिनिटांचं' म्हणून मिळतं ते पाच मिनिटांत धरतं खरं, पण पूर्ण ताकद यायला दिवसभर लागतो, तोवर हात लावायचा नाही. दोन्ही भाग सांगितलेल्या प्रमाणातच घ्यायचे. 'जरा जास्त हार्डनर' घातलं की घट्ट होत नाही, चिवट-चिकट राहतं. आणि चिकटवण्याआधी दोन्ही पृष्ठभाग पॉलिश पेपरने खरवडायचे, तेलकटपणा पुसायचा. चकचकीत स्टीलवर कुठलाही गोंद नुसता बसलेला असतो, रुतलेला नसतो. सुपरग्लू झटपट, पण ठिसूळ. ओढलं तर धरतो, आपटलं किंवा सोललं तर सुटतो. त्याचा थेंब सुती कापडावर किंवा कापसावर पडू देऊ नका, इतक्या वेगाने तापतो की चटका बसतो, धूरही येतो.

प्लास्टिकची मात्र वेगळी तऱ्हा. वस्तूच्या तळाशी त्रिकोणात आकडा असतो तो बघा. २, ४ आणि ५, म्हणजे पॉलिएथिलीन आणि पॉलिप्रॉपिलीन, यांना घरगुती गोंद जवळजवळ धरतच नाहीत. बाटल्यांची बहुतेक झाकणं याच जातीची. तुमचे कान गळाले ते इथेच, असा माझा अंदाज आहे. अशा प्लास्टिकला भोक पाडायचं आणि शिवायचं: तारेने, नायलॉनच्या दोऱ्याने, छोट्या नट-बोल्टने. ६ आकड्याचं पॉलिस्टायरीन, म्हणजे थर्माकोलसुद्धा, याच्या उलट स्वभावाचं. त्याला गोंद धरतो, पण सॉल्व्हंटचा, म्हणजे उग्र वासाच्या द्रावकाचा, गोंद किंवा स्प्रे रंग लावला की ते डोळ्यांदेखत विरघळतं. त्यावर आधी पांढऱ्या गोंदाचा किंवा अ‍ॅक्रिलिक रंगाचा हात द्यायचा, मग पुढचं.

एक काम जरा तपशिलाने सांगते, कारण तुमच्या पोत्यातही मोडकी छत्री आहे.

माझ्याकडे छत्रीचा सांगाडा होता, सायकलचा जुना निमुळत्या पोटाचा दिवा होता आणि स्क्रू निघून अर्धी झालेली कात्री होती. तिन्ही वेगवेगळ्या ढिगांत पडून होत्या. कात्रीचं पातं म्हणजे चोच आणि बोट घालायची कडी म्हणजे डोळा, हे कुणालाही सुचेल. दिव्याचं कवच पक्ष्याच्या पोटासारखं आहे हेही दिसत होतं. अडलं होतं ते पायांवर. तारेचे पाय करून बघितले, तारेसारखेच दिसले. मग एक दिवस छत्रीची काडी हातात घेऊन उघडमीट करत बसले होते, तेव्हा लक्षात आलं की काडी आणि तिचा आधार जिथे रिव्हेटने जोडलेले असतात तिथे बगळ्याचा पाय तयार आहे. बगळ्याचा गुडघा उलटा वळतो असं आपल्याला वाटतं; खरं तर तो त्याचा घोटा असतो, गुडघा वर पिसांत लपलेला. छत्रीची काडी नेमकी तशीच उलटी दुमडते.

मग एक पाय सरळ, एक दुमडलेला. बगळा एका पायावर उभा. सुचायला सोपं, उभं करायला अवघड. पोटाचा पत्रा पातळ आणि काडीचं टोक टाचणीएवढं. तिथे कितीही इपॉक्सी चोपडलं तरी पत्राच फाटणार. म्हणून पोटाला खालून ३ मिमीचं भोक पाडलं, आत लाकडाचा ठोकळा बसवला, काडी भोकातून आत नेऊन ठोकळ्याच्या दुसऱ्या बाजूने बाहेर काढली, टोक वाकवून त्यावर स्क्रू आणि वॉशर आवळला. आता वजन पत्र्यावर नाही, ठोकळ्यावर आलं. छत्रीची काडी दुमडलेल्या पत्र्याची, पन्हळीसारखी असते; तिच्या पन्हळीत २ मिमीची कडक तार बसवून वर इपॉक्सी भरलं, म्हणजे एका पायावर वाकायची नाही. खाली जाड लाकडाची बैठक, तिला ४० मिमी खोल भोक, त्यात पाय उतरवून इपॉक्सी ओतलं आणि दोन दिवस काठ्यांच्या तिवईला बांधून ठेवलं.

मान ब्रेकच्या केबलच्या वेष्टनाची. ते मुळात स्प्रिंगच असतं, छान वळतं, पण कात्रीच्या वजनाने झुकत होतं. म्हणून आतून जाड तार घातली. कात्रीला भोक पाडायचा मोह आवरा: तिचं पोलाद कडक केलेलं असतं, तीन ड्रिल बिटं मोडतील आणि भोक पडणार नाही. पण कात्रीला आधीच एक भोक असतं, मधल्या स्क्रूचं! मानेच्या तारेला कडी करून ती त्या भोकातून बोल्टने आवळली. सांधा नेमका गळ्याशी आला, पुढे चोच, मागे डोळा. वस्तूच्या अंगावर जी भोकं, खाचा, आटे आधीच आहेत ती वापरली की सांधा तिथे जन्मापासून असल्यासारखा दिसतो. पात्याची धार मात्र कानशीने मारून टाकली. शिल्पाने कुणाचं बोट कापायला नको.

यानंतर मी बिघडवायला सुरुवात केली. शीतपेयांच्या डब्यांच्या कड्यांची पिसं लावली, दिव्याच्या तोंडाशी झाकणांची शेपटी. चार दिवस छान वाटलं. पाचव्या दिवशी एक ओळखीची मुलगी आली आणि कड्या मोजायला लागली. त्याच संध्याकाळी सगळं उतरवलं. आता पोट नुसतं आहे, जिथे काच होती तिथे भोक आहे, आणि बघणारा थोडा वेळ गप्प उभा राहतो. मग म्हणतो, 'अरे, छत्री!' हा उशीर मला हवा असतो.

तोलाची गोष्ट याच बगळ्यावरून सांगता येते. शिल्पाचा गुरुत्वमध्य ज्या बिंदूत आहे तिथून सोडलेला ओळंबा बैठकीच्या आत पडला पाहिजे, नाहीतर ते पडणारच. बगळ्याचं डोकं जड, म्हणून मान आधी मागे आणि मग पुढे, अशी वळवली, तेव्हा चोच पायाच्या फार पुढे गेली नाही. खऱ्या बगळ्याची मानही अशीच असते, हा योगायोग नव्हे. तपासायला सोपी युक्ती: शिल्प उचलून बैठकीखाली एका कडेला दोन-तीन पुस्तकं सरकवा. तेवढ्या कलाला ते डगमगलं तर बैठक रुंद करा किंवा जड करा. पोकळ बैठकीत वाळू किंवा प्लास्टर भरता येतं. बैठकीला खालून तीन छोटे पाय दिलेत तर ती कुठल्याही वेड्यावाकड्या टेबलावर डुगडुगणार नाही. चार पायांचा हिशेब नेहमी चुकतो.

पुठ्ठे आणि रद्दी भरपूर असेल तर कागदकामाकडे वळा, मोठा आकार त्यात सगळ्यात हलका होतो. आत पुठ्ठ्याचा किंवा तारेच्या जाळीचा सांगाडा, वर वर्तमानपत्राच्या पट्ट्या. पट्ट्या कापू नका, फाडा. फाटलेल्या कडेचे तंतू शेजारच्या पट्टीत मिसळतात आणि कड उमटत नाही. कागद एका दिशेने सरळ फाटतो, दुसऱ्या दिशेने वेडावाकडा. सरळ फाटतो ती त्याच्या तंतूंची दिशा. एक थर उभा, पुढचा आडवा. एक थर साध्या कागदाचा, पुढचा रंगीत छपाईचा ठेवलात तर कुठे राहून गेलं ते लगेच दिसतं. दोन-तीन थर झाले की थांबायचं, पूर्ण वाळू द्यायचं, मगच पुढचे. सहा-आठ थरांचं कवच टकटक वाजतं. पिठाची खळ वापरणार असाल तर तिला बुरशी आणि कीड हमखास लागते. बुकबाइंडर खळीत चिमूटभर मोरचूद घालतात ते याचसाठी, पण मोरचूद विषारी आहे, मुलं हात घालणार असतील तर पांढरा गोंद पाणी घालून वापरा. वर्तमानपत्राचा कागद स्वतः पिवळा पडून तुकडे होतो, म्हणून बाहेरचा थर चांगल्या कागदाचा द्या आणि उघडा ठेवू नका.

कागद पिवळा पडतो तसं रबरही दगा देतं. टायरची ट्यूब, रबरबँड, फुगे आज लवचिक असतात, काही वर्षांत तडकतात किंवा चिकट होतात. ईव्हा हेस या शिल्पकर्तीने १९६० च्या दशकात लेटेक्समध्ये, म्हणजे रबराच्या चिकात, जे काम केलं त्यातलं बरंच आज तपकिरी आणि ठिसूळ झालंय, संग्रहालयांना ते हलवायचीही भीती वाटते. ती मोठी कलावंत होती, तिला ते चाललं. तुमचा सांधा रबरावर अवलंबून असेल तर शिल्पाचं आयुष्यही रबराएवढंच.

गंज अनेकांना आवडतो, मलाही आवडतो. सुटा गंज तारेच्या ब्रशने काढा, राहिलेल्यावर मेण घासा किंवा मॅट व्हार्निशचा पातळ हात द्या, म्हणजे रंग राहतो आणि हाताला लागत नाही. तांबं-पितळ आणि लोखंड किंवा अ‍ॅल्युमिनियम एकमेकांना टेकवून ओलाव्यात ठेवू नका. ओल असली की दोन धातूंमध्ये छोटी बॅटरीच तयार होते आणि त्यात लोखंड किंवा अ‍ॅल्युमिनियम खाल्लं जातं. मधे प्लास्टिकचा वॉशर घातला की काम झालं. लाकडाच्या तुकड्यांना बारीक भोकं आणि खाली पिठासारखी भुकटी दिसली तर ते पिशवीत घट्ट बंद करून दोन आठवडे फ्रीझरमध्ये ठेवा, मगच बाकीच्या सामानात मिसळा.

आणि काही वस्तू कितीही सुंदर दिसल्या तरी पोत्यात घेऊ नका: जुन्या सिमेंटच्या पत्र्यांचे तुकडे, कारण त्यांत अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं, सीएफएल आणि ट्यूबलाइट, कारण त्यांत पारा असतो, फुगलेल्या बॅटऱ्या, अर्धवट भरलेले स्प्रेचे डबे. मायक्रोवेव्ह आणि जुने डबा टीव्ही उघडू नका. प्लग काढल्यावरही आतल्या वीज साठवणाऱ्या कपॅसिटरमध्ये जीवघेणा भार राहू शकतो. जुन्या रंगवलेल्या लाकडाच्या रंगात शिसं असू शकतं, ते कोरडं घासू नका. जस्ताचा मुलामा दिलेली तार किंवा पत्रा जाळावर तापवू नका, त्या धुराने ताप भरतो. पीव्हीसीचा पाइप तर अजिबात जाळू नका, त्यातून हायड्रोक्लोरिक आम्लाचा वायू निघतो. प्लास्टिक वितळवून आकार देण्याचे व्हिडिओ सगळीकडे दिसतात, पण त्यात कुणी मास्क लावलेला मला तरी फारसा दिसला नाही.

शेवटी, मोठं काम बाहेर ठेवता येईल का, हे तुम्ही विचारलं होतं. येतं. सायमन रोडिया या बांधकाम कामगाराने लॉस एंजेलिसमध्ये १९२१ ते १९५४ अशी तेहतीस वर्षं एकट्याने मनोरे उभारले, सगळ्यात उंच सुमारे ३० मीटर. पोलादी गज, त्यांच्या सांध्यांवर तारेची जाळी गुंडाळलेली, वर सिमेंटचा गिलावा आणि त्या ओल्या गिलाव्यात फुटक्या बश्या, बाटल्यांच्या काचा, शिंपले. ना वेल्डिंग, ना बोल्ट. मनोरे धोकादायक आहेत, पाडा, असा हुकूम निघाला तेव्हा १९५९ मध्ये त्यांची चाचणी घेतली गेली. सुमारे साडेचार टनांचा आडवा ताण दिला, मनोरा हलला नाही. चंदीगडमध्ये नेकचंद यांनी १९५७ पासून गुपचूप रचलेली आणि १९७६ मध्ये लोकांना खुली झालेली 'रॉक गार्डन' ही बागही फुटक्या बांगड्या आणि चिनी मातीच्या तुकड्यांची आहे, आणि तिथेही सगळं धरून ठेवलंय ते सिमेंटने. दोघांच्याही कामात तुकडे वरवर चिकटवलेले नाहीत, गिलाव्यात रुतवलेले आहेत.

तुम्ही एवढं मोठं करणार नसाल. अंगणात किंवा गच्चीवर ठेवायचं असेल तर कागद, पुठ्ठा, ग्लू गन आणि पांढरा गोंद विसरा. स्टेनलेस स्टीलचे स्क्रू घ्या. इपॉक्सी उन्हात पिवळं पडतं, त्यावर रंगाचा थर हवाच. आणि पावसाळ्याआधी एकदा शिल्पावर बादलीभर पाणी ओतून बघा: जिथे जिथे पाणी साचतंय तिथे तळाशी ६ मिमीचं भोक पाडा. माझ्या बगळ्याच्या पोटात पहिल्याच पावसात डासांची अंडी झाली होती.